मोजणी खेडलाच का थांबते?

पुणे-नाशिक रेल्वे आमच्या आंबेगाव-जुन्नर तालुक्यांतून जाणार की शिर्डीमार्गे, यावर पारावरही बोललं जातं आणि लोकसभेतही. 235 किलोमीटरच्या सेमी हायस्पीड मार्गाच्या मूळ आराखड्यात मंचर आणि नारायणगाव ही स्थानकं होती. पुढे खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा मुद्दा आला आणि 2025 च्या अखेरीस रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी शिर्डीमार्गे जाणारा पर्याय पुढे केला. याबद्दलची नाराजी रास्त आहे.

खोडदची अडचणही खरी आहे. 45 मीटर व्यासाच्या तीस अँटेनांपैकी चौदा खोडद परिसरात जवळजवळ आहेत आणि सोळा तीन दिशांना दूरवर पसरलेल्या. विजेवर धावणाऱ्या गाडीच्या पेंटोग्राफजवळ ठिणग्या पडल्या की त्यातून रेडिओ लहरी निघतात. दुर्बिणीला टिपायचे असतात ते संकेत त्याहून कितीतरी क्षीण. रूळ किती लांबून न्यावे लागतील, याचा तांत्रिक अभ्यास करून तो लोकांपुढे ठेवावा.

मला मात्र जास्त सलतं ते दुसरंच. चाकणच्या पहिल्या पाळीसाठी मंचर-कळंबहून अंधारात निघणारा कामगार कोणत्या आराखड्यात आहे? पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण 2015 मध्ये स्थापन झालं. त्याच्या हद्दीत खेड तालुक्याचा काही भाग येतो. आंबेगाव आणि जुन्नर येत नाहीत. महानगराच्या वाहतुकीचा विचार त्या रेषेपर्यंत जातो. पीएमपीची शहर बस राजगुरुनगरला, म्हणजे खेडलाच थांबते. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने मंजूर केलेला 7,827 कोटींचा उन्नत मार्गही नाशिक फाटा ते खेड एवढाच. रोजगार मात्र ही हद्द कधीच ओलांडून गेला आहे. घर आंबेगावात, नोकरी चाकण-भोसरीत, हे आता घरोघरचं आहे.

म्हणून रेल्वेचा निकाल काहीही लागो, या दोन तालुक्यांच्या रोजच्या येण्याजाण्याची स्वतंत्र पाहणी व्हायलाच हवी. ती नुसत्या एसटीच्या तिकिटांवरून होणार नाही. कंपनीच्या गाडीने जाणारे त्यात येत नाहीत, महामार्गावर दुचाकी घालणारे येत नाहीत. आणि जे निघतच नाहीत त्यांचं काय? मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, पण परतीची गाडीच नसेल तर सवलत घेणार कशावर? डिंभ्याच्या वरच्या अंगाला, आहुपे-भीमाशंकरच्या बाजूला राहणाऱ्या मुलीने घोडेगावच्या किंवा अवसरीच्या कॉलेजात प्रवेश घ्यायचा की नाही, हे शेवटच्या एसटीवर ठरतं. ती ज्या गाडीत कधी बसलीच नाही, त्या गाडीच्या हिशेबात ती कशी सापडेल? पाहणी करणाऱ्याला तिच्या घरी जाऊनच विचारावं लागेल.

पाहणीचे आकडे येईपर्यंत एक गोष्ट करून पाहता येईल. एसटी आणि पीएमपी यांनी मिळून नारायणगाव ते नाशिक फाटा चालेल असा एकच मासिक पास काढावा, आणि राजगुरुनगरला दोघांच्या वेळा जुळवाव्यात. नाशिक फाट्यावर आज मेट्रो आहे, पलीकडे कासारवाडीला लोकल आहे. दोन महामंडळांनी एका टेबलावर बसून ठरवायची ही बाब आहे, तिला भूसंपादन लागत नाही.

आणि पाहणीतली मोजणी वर्षातून दोनदा घ्यावी. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोची आवक जोरात असते तेव्हाचा महामार्ग वेगळा आणि भीमाशंकर, विघ्नहर कारखान्यांचा गाळप हंगाम चालू असतानाचा वेगळा. उसाच्या ट्रॅक्टरांमागे अडकलेल्या एसटीला मंचरहून चाकणला पोहोचायला किती वेळ लागतो, ते त्या दिवसांत त्याच एसटीत बसून नोंदवायला हवं.