गृहस्थाचें टिपण : मोत्याची फिर्याद

गेल्या कार्तिकांत आमच्या मोत्यानें घरांतील सर्वांस कोड्यांत टाकलें. सायंकाळीं फिरून आल्यावर कुत्र्यानें पाणी प्यावें आणि अंग टाकावें, ही नेहमींची रीत. मोत्या मात्र पडवींत येरझारा घालूं लागे, बसतो न बसतो तोंच उठे, पाय चाटी, आणि रात्रीं दहापर्यंत कोणास स्वस्थता लाभूं देत नसे.

घर मोठें, तेव्हां मतेंही पुष्कळ. धाकटे चिरंजीव म्हणाले, त्यास व्यायाम पुरत नाहीं, फेरी दुप्पट करावी. आमच्या कुटुंबानें दृष्ट काढली. थोरल्या सूनबाईंस लहान मुलांची काळजी. असें बिथरलेलें जनावर कोणास तरी देऊन टाकावें, असें त्या स्पष्ट म्हणाल्या. आणि मी? संध्या चालली असतां त्यानें धक्का देऊन ताम्हन उलथलें, तेव्हां मीं त्यास काठी मारली.

जन्मभर मुलांस महाभारत सांगितलेल्या माणसानें हें करावें! आदिपर्वांत सरमा या देवलोकींच्या कुत्रीच्या पिलास जनमेजयाच्या भावांनीं यज्ञस्थानीं मारलें. त्यानें हविर्द्रव्याकडे पाहिलेंही नव्हतें. सरमेनें येऊन विचारलें कीं, याचा अपराध काय? त्यावर कोणीच कांहीं बोललें नाहीं, तेव्हां तिनें शाप दिला. तो प्रश्न त्या रात्रीं माझ्या उशाशीं उभा राहिला.

सकाळीं उठून शास्त्रांतील जुनी वाट धरली. नैयायिक तिला अन्वय-व्यतिरेक म्हणतात. जें असतां कार्य दिसतें आणि जें नसतां दिसत नाहीं, तेथें कारण शोधावें. पंचांगाच्या कोऱ्या पानावर सात दिवसांचें टिपण ठेवलें : कोणत्या वाटेनें नेलें, किती वेळ, आणि आल्यावर काय झालें. चार दिवस टेकडीवर, त्यांत दोन दिवस दुप्पट फेरी. तीन दिवस नातीबरोबर रस्त्यानें देवळापर्यंत. रस्त्याच्या दिवशीं तो घटकाभर पाय चाटून निजला. टेकडीच्या दिवशीं चाळवला, आणि दुप्पट फेरीच्या दिवशीं सर्वांत अधिक. चिरंजीवांचें अनुमान फसलें.

मग चष्मा लावून दिव्याखालीं पंजे पाहिले. पुढच्या उजव्या पायाच्या बेचक्यांत सूज, आणि केसांत कुसळें! पावसाळा सरल्यावर आपल्या टेकड्यांवरील कुसळी गवत वाळतें. त्याच्या बियेचें टोंक सुईसारखें, त्यावरील केस मागें वळलेले, आणि शेपटी ओल लागतांच पीळ बदलते. म्हणून तें एकदां शिरलें कीं पुढेंच सरकतें, मागें येत नाहीं. पशुवैद्यांनीं आंत मोडून राहिलेलें एक कुसळ काढलें. आठवड्यांत मोत्या पूर्ववत् झाला.

प्रत्येक घरीं कुसळच निघेल असें नाहीं. उन्हाळ्यांत डांबर तापतें. हाताची पाठ रस्त्यावर सात सेकंद ठेववत नसेल, तर पंजेही पोळतात. कुत्र्यास घाम येतो तो मुख्यतः पंजांस. अंग निवतें तें धापा टाकून, त्यामुळें उन्हांतून आल्यावर त्यास निवावयास वेळ लागतो. कानांत वा बोटांच्या बेचक्यांत गोचीड असेल, तेंही पहावें. सायकलीमागें धांवडवलेलें, वाटेंत हुंगूं न दिलेलें कुत्रें निवांत होण्याऐवजीं अधिकच चाळवून येतें. एका लक्षणाला मात्र टिपणाची वाट पाहूं नये. पोट फुगलें असेल आणि उमाळे येऊनही कांहीं ओकून पडत नसेल, तर जठरास पीळ पडल्याचा संभव असतो. त्याच घटकेस पशुवैद्य गांठावा. विलंब जिवावर बेततो.

मोत्या आतां फिरून आला कीं आपण होऊन पाय पुढें करतो, आणि पंजे पाहण्याचें काम सूनबाईंनींच स्वतःकडे घेतलें आहे. काठी मीं माळ्यावर टाकली. ती उचलण्याआधीं एकदां पंजा उचलून पहावा, एवढेंच वाचकांस सांगणें.