‘किलकारी’चा फोन कोणाच्या हाती?

नवी दिल्ली : गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचे होईपर्यंत दर आठवड्याला एक फोन येतो. लोहाच्या गोळ्या, तपासण्या, स्तनपान आणि लसीकरण यांविषयीची माहिती ध्वनिमुद्रित आवाजात ऐकवली जाते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या ‘किलकारी’ सेवेचे हे स्वरूप आहे. जानेवारी २०१६ मध्ये सुरू झालेली ही ७२ संदेशांची मालिका फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र आणि गुजरातपर्यंत पोहोचली. सेवा विनामूल्य आहे. तिला स्मार्टफोन, इंटरनेट वा साक्षरता लागत नाही, हे तिचे मोठे बळ आहे.

मात्र हा फोन कोणाच्या हाती पडतो, यावर सेवेचे यश अवलंबून आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) स्वतः वापरता येईल असा मोबाइल ग्रामीण भागातील केवळ ४६.६ टक्के महिलांकडे होता. अनेक घरांत गर्भवतीच्या नोंदणीत पतीचाच क्रमांक दिला जातो. पती मजुरीसाठी परगावी गेला, की फोनही त्याच्यासोबत जातो आणि पत्नीसाठीचा संदेश तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

फोन हाती असला तरी प्रश्न पूर्णपणे सुटत नाही. मध्य प्रदेशात घरी फोन उपलब्ध असलेल्या सुमारे पाच हजार गर्भवतींच्या शास्त्रीय चाचणीत, संदेश मिळालेल्या कुटुंबांत तात्पुरत्या गर्भनिरोधक साधनांचा वापर काहीसा वाढला. निव्वळ स्तनपानाच्या प्रमाणात मात्र फरक आढळला नाही. माहितीने निर्णय सुकर होतो. पण घरातील रूढी, कामाचा भार आणि आरोग्य केंद्राचे अंतर तिने कमी होत नाही.

याच सर्वेक्षणात देशातील ५२.२ टक्के गर्भवती रक्तक्षयग्रस्त आढळल्या, तर ग्रामीण भागात किमान चार तपासण्या झालेल्या मातांचे प्रमाण ५४.२ टक्के होते. गोळ्या घ्या असे सांगणारा फोन आला आणि उपकेंद्रात गोळ्याच नसल्या, तर पुढच्या संदेशावरील विश्वासही उडतो. रक्तस्राव किंवा उच्च रक्तदाबाच्या प्रसंगी तर काही तासांचा विलंबही जिवावर बेततो. अशा वेळी ध्वनिमुद्रित आवाज वाहन आणू शकत नाही; आशा कार्यकर्ती ते करू शकते.

देशातील माता मृत्यूचे प्रमाण २०१४-१६ मध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे १३० होते, ते २०१८-२० मध्ये ९७ वर आले. ही घसरण टिकवायची तर नोंदणीच्या वेळी क्रमांकासोबत आणखी दोन प्रश्न विचारायला हवेत : फोन कोणाजवळ असतो आणि गर्भवतीला तो कोणत्या वेळी मिळतो? सलग न उचललेल्या फोनची यादी आशा कार्यकर्तीकडे गेली, तर कोणत्या घरी आधी जायचे हे तिला कळेल. पतीच फोन उचलणार असेल, तर वाहन आणि पैशांची तजवीज करण्याचा संदेश थेट त्याला उद्देशून देता येईल. किती फोन केले यापेक्षा किती गर्भवती वेळेत केंद्रात पोहोचल्या, हाच या सेवेच्या यशाचा खरा निकष ठरावा.