कुलूप मॉनिटरला नको, बटणाला हवं

गेल्या शनिवारी दिवा-रोहा गाडीत शाळेतला मित्र भेटला. धाटाव एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे. (कंपनीचं नाव लिहीत नाही, त्याच्या पोटाचा प्रश्न आहे.) पेण येईस्तोवर गप्पच होता. मग म्हणाला, "मेमो मिळालाय रे. रात्री दोनला मी पंप बंद केला म्हणे. मी घरी झोपलो होतो!"

झालं होतं असं. कंट्रोल रूमच्या कॉम्प्युटरवर दुपारी लॉगिन याने केलं. शिफ्ट बदलली, पण लॉगआउट कोणी करत नाही, कारण चालू प्लँटसमोर स्क्रीन दोन मिनिटंही बंद ठेवणं परवडत नाही. रात्री कोणीतरी बटण दाबलं आणि नोंद झाली याच्या नावावर. हजेरीत हा घरी, पण साहेब म्हणतात, "पासवर्ड तुझा, जबाबदारी तुझी."

यावर आयटीवाल्यांचा उपाय काय? दर पाच मिनिटांनी स्क्रीन लॉक! आठवड्यात पासवर्ड मॉनिटरवर चिकटपट्टीने झळकला. धन्य!

आता मी जे म्हणतो ते ऐकून ऑडिटर मंडळी झीट येऊन पडतील. अशा कॉम्प्युटरला हाताने लॉगिन नकोच. वीज आली की मशीन आपोआप थेट प्रेशर-टेंपरेचरच्या स्क्रीनवर यावं. लिनक्समध्ये जीडीएमच्या सेटिंगमध्ये दोन ओळी लिहिल्या की झालं. विंडोजमध्येही सोय आहे, पण जपून: रजिस्ट्रीत नुसती नोंद केली तर पासवर्ड उघडा पडतो. मायक्रोसॉफ्टचं ऑटोलॉगॉन टूल तो झाकतं, तरी अ‍ॅडमिनला काढता येतोच. म्हणून ते खातं माणसाचं नको, मशीनचं हवं, आणि त्याला फक्त बघण्याचा अधिकार. व्हॉल्व्ह फिरवायचा, सेटपॉइंट बदलायचा, तर त्या क्षणी आपलं कार्ड किंवा पिन.

बघायला मोकळीक, करायला सही. यात अवघड काय आहे?

पेणजवळ हमरापूरला मामाचा गणपतीचा कारखाना आहे. तिथली ऑर्डरची वही कोणीही उघडतं, पण प्रत्येक नोंदीखाली लिहिणाऱ्याची सही असते. जे मामाला कळतं ते आमच्या सर्टिफाइड कन्सल्टंटना कळत नाही.

नाव न कळल्याने काय होतं त्याचं उदाहरण अमेरिकेतलं. फेब्रुवारी 2021 मध्ये फ्लोरिडातल्या ओल्ड्समारच्या पाणी प्रकल्पात कॉस्टिक सोड्याचं प्रमाण 100 वरून 11,100 पीपीएमवर नेलं गेलं. ऑपरेटरने लगेच पाहिलं म्हणून निभावलं. तिथे रिमोट अ‍ॅक्सेसला सगळ्या कॉम्प्युटरना एकच पासवर्ड होता. आधी जगभर हॅकरची बोंब झाली. 2023 मध्ये शहराचे माजी व्यवस्थापक म्हणाले, बाहेरचा कोणी नव्हता, कर्मचाऱ्याचीच चूक असावी. म्हणजे एवढ्या तपासानंतरही "असावी"च!

सामायिक मशीनवर माणसाचं लॉगिन ठेवणं ही सुरक्षा नाही. तो बळीचा बकरा आधीच बांधून ठेवणं आहे. आणि बकरा नेहमी कंत्राटी ऑपरेटरच असतो, सिस्टीम बसवणारा कधीच नाही. त्यात आपणही आलो, मंडळी.

असो. रोहा आलं, मित्र उतरून थेट रात्रपाळीला गेला. जाताना म्हणाला, "आज लॉगआउट करूनच निघणार. प्लँट गेला खड्ड्यात."

हीच तर भीती आहे.