रक्तातील विळा आणि डासांचा नकाशा

(१) सिकलसेल म्हटले की 'आदिवासींचा आजार' हे शब्द आपल्याकडे आपोआप पुढे येतात. या शब्दांना माझा आक्षेप आहे. त्याचा आधार सुमारे ७० वर्षांपूर्वी पूर्व आफ्रिकेत झालेले एक संशोधन. त्याचीच ही हकीकत. #धागा

(२) अँथनी अ‍ॅलिसन. जन्म १९२५, दक्षिण आफ्रिका. बालपण केनियात, वैद्यकाचे शिक्षण ऑक्सफर्डला. १९४९ साली विद्यापीठाच्या एका मोहिमेबरोबर ते केनियात परतले आणि निरनिराळ्या जमातींचे रक्तनमुने गोळा करू लागले. हेतू होता रक्तगटांवरून जमातींची परस्पर नाती शोधण्याचा. सिकलसेलची तपासणी त्याला जोडून आली.

(३) आकडे चकित करणारे निघाले. समुद्रकिनारी आणि व्हिक्टोरिया सरोवराकाठी शंभरात २० हून अधिक माणसे या जनुकाची वाहक; मधल्या उंच, थंड मुलखात शंभरात एकाहूनही कमी. वंश आणि भाषा यांच्याशी याचा मेळ बसेना. डोंगराळ भागातले किकुयू बांटूभाषिक, किनाऱ्यावरचे बरेच लोकही बांटूभाषिक. तरी प्रमाणात जमीन-अस्मानाचे अंतर. उलट सरोवराकाठचे लुओ अगदी वेगळ्या भाषाकुळातले, पण त्यांच्यात वाहक भरपूर. मेळ बसत होता तो एकाच गोष्टीशी: मलेरिया.

(४) जनुक आई-वडील दोघांकडून आला तर मूल बहुधा लहानपणीच दगावे. एकाकडूनच आला तर मात्र घातक मलेरियापासून त्याला बरेच संरक्षण मिळे. म्हणून हा जनुक नामशेष झाला नाही. (थॅलसेमियाबाबत असाच तर्क १९४९ मध्ये हाल्डेन यांनी मांडला होता. होय, तेच हाल्डेन, जे पुढे भारतीय नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला निवर्तले.)

(५) पुरावा युगांडातल्या २९० मुलांच्या रक्तात मिळाला. वाहक ४३ मुलांपैकी १२ जणांत मलेरियाचे परजीवी आढळले. उरलेल्या २४७ पैकी ११३ जणांत.

(६) दुसरा पुरावा लिहिताना लेखणी अडखळते. ३० लुओ पुरुषांना मुद्दाम मलेरियाची लागण करण्यात आली. १५ वाहकांपैकी दोघांच्याच रक्तात परजीवी वाढले, वाहक नसलेल्या १५ पैकी १४ जणांच्या. निबंध १९५४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. या पुरुषांना स्वयंसेवक म्हटले गेले. केनियात तेव्हा आणीबाणी पुकारलेली होती. गोऱ्या डॉक्टरला 'नको' म्हणण्याची मुभा वसाहतीतल्या माणसाला कितपत होती? निष्कर्ष खरा ठरला म्हणून हा प्रश्न मिटत नाही. पाठ्यपुस्तके अ‍ॅलिसन यांचे नाव सांगतात, त्या तिसांपैकी एकाचेही नाही.

(७) आता आपल्याकडे. १९५२ मध्ये लेहमन आणि कटबुश यांनी निलगिरीतल्या आदिवासींत सिकलसेल नोंदवला. मग हे लोक आफ्रिकेशी जोडलेले का, अशी वंशाची चर्चा सुरू झाली. पुढे डीएनएच्या अभ्यासातून दिसले की भारतातला हा बदल बहुतांशी आफ्रिकेहून स्वतंत्रपणे उद्भवला. कारण मात्र तेच, मलेरिया.

(८) महाराष्ट्रात तो नंदुरबारच्या भिल्ल-पावरांत आहे, गडचिरोलीच्या माडिया-गोंडांत आहे; पण विदर्भातल्या अनुसूचित जातींत आणि इतर मागासवर्गीय समाजांतही आहे. पिढ्यानपिढ्या लग्ने जातीतल्या जातीत झाली, म्हणून डासांनी आखलेला नकाशा जातींच्या यादीसारखा दिसू लागला, एवढेच.

(९) २०२३ पासूनच्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सुमारे ७ कोटी लोकांची तपासणी करून त्यांना कार्डे द्यायची आहेत. तपासणी हवीच. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मुलाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के, आणि हे लग्नाआधी कळणे हा त्या दोघांचा हक्क आहे. पण एकच वाहक आणि दुसऱ्याच्या रक्तात असा कोणताही दोष नसेल, तर त्यांच्या मुलांपैकी कोणालाही सिकलसेलचा आजार होत नाही. कार्ड हातात देणाऱ्याने हे वाक्य मुलीच्या आईबापांसमोर, त्यांच्या बोलीत, दोनदा म्हणावे. नाहीतर तेच कार्ड स्थळ मोडायला पुरेल.