माझंच हाड, मलाच उसनं

पावसाळ्यात बाइक घसरली आणि डावी नडगी मोडली, ही स्टोरी तुम्हाला माहितीच आहे. पुढचं ऐका. रॉड बसला, वॉकर झाला, कुबडी झाली. नऊ महिन्यांनी एक्स-रे काढला, तर फट जशीच्या तशी! डॉक्टर म्हणाले, ‘नॉन-युनियन. कमरेचं हाड काढून तिथे भरू.’

पुन्हा ऑपरेशन? माझे तर पायच गळाले (एक आधीच गळाला होता). त्यात ऑफिसमधल्या मित्राने एका क्लिनिकचा नंबर दिला. स्टेम सेलचं इंजेक्शन, दोन तासांत घरी. फी विचारू नका. मी अ‍ॅडव्हान्स भरणारच होतो, पण आधी मावसबहिणीला फोन केला. ताई लॅबमध्ये हेच करते.

‘अरे, नुसत्या सोडल्या म्हणून त्या हाड होणार?’ ताई उखडलीच. ‘बारावी झालेल्या पोरासारख्या असतात त्या. हाड होतील, कूर्चा होतील, नाहीतर चरबी. मागे लागावं लागतं.’

लॅबमधला ठरलेला खुराक असा: डेक्सामेथासोन, व्हिटॅमिन सी आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट. साधारण तीन आठवडे हे चारायचं, मग अ‍ॅलिझरिन रेड टाकायचं. कॅल्शियम साठलं असेल तिथे लालभडक.

पण खुराकच सगळं ठरवतो असंही नाही, बॉस! २००४ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी याच पेशींना कमी-जास्त जागा दिली. ऐसपैस पसरलेल्या हाडाकडे वळल्या, कोंबलेल्या चरबीकडे. (वन-रूम-किचनवाल्यांनो, मनाला लावून घेऊ नका.) २००६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तर खुराक तोच ठेवून फक्त गादी बदलली. मेंदूइतक्या मऊ जेलवर पेशी मज्जापेशींसारख्या दिसू लागल्या, जरा घट्ट जेलवर स्नायूंसारख्या आणि २५ ते ४० किलोपास्कलच्या कडक जेलवर हाडासारख्या. पेशी खालची जमीन ओढून बघतात आणि त्यावरून ठरवतात म्हणे. त्या टीममधले शमिक सेन पुढे आपल्या पवईच्या आयआयटीत प्राध्यापक झाले.

‘मग बनव ना माझ्यासाठी दोन इंच!’ मी म्हटलं.

‘बशीत पातळ थर जमतो रे. जाड तुकड्याला रक्त कुठून आणू? रक्तवाहिनीपासून पाव मिलिमीटर लांब गेली तरी पेशी उपाशी मरते. आणि तुझं ते क्लिनिक... पेशींना बसायला काय देणार, हाड व्हायला कोण सांगणार, हे विचारलंस?’

विचारलं. पलीकडून फक्त पॅकेजचे रेट ऐकू आले.

मी ऑपरेशनच्या फॉर्मवर सही केली. कमरेच्या हाडात जिवंत पेशी, त्यांची जमीन आणि वाढीचे निरोप देणारी प्रथिनं, सगळं रेडीमेड असतं. म्हणून अजूनही डॉक्टर तेच मागतात. पाच महिन्यांत पाय जुळला. कमरेत मात्र अजून कळ येते, त्यामुळे बेल्ट एक भोक सैल लावतो. ताईला दर रविवारी विचारतो, ‘झालं का गं?’ ती फोन ठेवते.