दहा रुपये, दहा प्रकारे

ईदीच्या दिवशी पाच वर्षांच्या मुलापुढे एका बाजूला पाच रुपयांचे एक नाणे आणि दुसऱ्या बाजूला एक-एक रुपयाची तीन नाणी ठेवून पाहा. पुष्कळ मुले तीन नाणीच उचलतात. मोठी माणसे हसतात. पण मुलाचे काही चुकलेले नसते. वस्तू मोजायला ते नुकतेच शिकलेले असते, आणि तीन हे एकापेक्षा जास्तच असतात! एका नाण्यात पाच रुपये मावतात, हे त्याला अजून कोणी दाखवलेले नसते.

पूर्वी हे बाजारात आपोआप दिसे. आता अम्मी मोबाइल पुढे करते आणि सामान मिळते. पैसे गेलेले मुलाला दिसतच नाहीत. म्हणून आम्ही सुचवू की हा धडा घरातच द्यावा.

पाचाचे नाणे ठेवून त्याच्यासमोर रुपयाची पाच नाणी मांडायला सांगा. मग अदलाबदल करा: तू पाच सुटे दे, मी एक बंदा देते. नाण्याच्या आकारावर जाऊ नका, कारण जुनी-नवी नाणी वेगवेगळ्या आकारांची असतात. त्यावरचा अंक वाचायला लावा. मात्र घरात रांगते बाळ असेल तर खेळ संपताच नाणी मोजून उचला. बाळ ती तोंडात घालते.

हे जमले की कोडे घाला: एक, दोन आणि पाचाची नाणी वापरून दहा रुपये किती प्रकारे होतील? पाचाची दोन नाणी घेतली तर एक प्रकार. पाचाचे एकच घेतले तर तीन. पाचाचे घेतलेच नाही तर सहा. असे एकूण दहा! उत्तर सांगून टाकू नका, मुलांना शोधू द्या.

शेवटी दुकान. तेरा रुपयांची वस्तू, दिले वीस. वजाबाकी नको, तेरावर दोन ठेवले, पंधरा, पंधरावर पाच ठेवले, वीस. म्हणजे परत आले सात.

आठवड्यातून एकदा तरी कोथिंबीर किंवा पाव आणताना पैसे मुलाच्या हातून द्या. वेळ लागेल, मागचे गिऱ्हाईक कुरकुरेल; लागू द्या. कमी आले तर मागणे आणि जास्त आले तर परत करणे, दोन्हीसाठी आधी मोजता यावे लागते. इमानदारी शिकवायची तर हिशेबही शिकवायला हवा.