घरांतील विज्ञान : भांड्याचा दोष, सुनेला बोल

शिरूर येथें आमचे एक आप्त राहतात. एका चुलीवर चौदा पानें, असें त्यांचें भरलें घर. गेल्या श्रावणांत पूजेच्या निमित्तानें माळ्यावरचें जुनें पितळी पातेलें खालीं काढलें आणि त्यांत सकाळींच कढी केली. ती दुपारपर्यंत त्याच पातेल्यांत राहिली. जेवणें होऊन तास लोटला नाहीं तोंच तीन मुलांना वांत्या होऊं लागल्या. वडील मंडळी म्हणालीं, "ताक शिळें असावें." ताक धाकट्या सूनबाईंनीं घुसळलेलें, तेव्हां दोष त्यांचाच ठरला. डॉक्टरांनीं मुलांस तपासून विचारलें, "कढी कोणत्या भांड्यांत होती?" पाहतात तों कल्हई पार उडून तळाचें पितळ उघडें पडलेलें! मुलें दुसऱ्या दिवशीं खेळूं लागलीं; परंतु सूनबाईंच्या डोळ्यांस विनाकारण पाणी आलें होतें.

वस्तु कशाची घडली आहे, तिच्या अंतरंगांत अणूंची मांडणी कशी आहे आणि म्हणून ती कशी वागते, हें सांगणारें शास्त्र म्हणजे द्रव्यविज्ञान. पितळ हें तांबें व जस्त यांचें मिश्रण. ताक, चिंच, लिंबू यांच्या आंबटपणानें हे धातू अन्नांत उतरतात, आणि तांबें पोटांत फाजील गेलें म्हणजे उलटी होते. कथिलावर असल्या सौम्य आम्लाचा परिणाम फारच थोडा. शिवाय तें २३२ अंश सेंटिग्रेडला वितळतें. पितळेस सुमारें ९०० अंश लागतात. म्हणून कल्हईवाल्याच्या भट्टीवर कथील पातळ होतें, भांडें शाबूत राहतें. नवसागरानें पृष्ठभाग स्वच्छ होतो व कथील तेथें घट्ट बसतें.

असलें ज्ञान आपल्याकडे नवें नाहीं. शिरूर तालुक्यांतच घोडनदीच्या कांठीं इनामगांव आहे. तेथें डेक्कन कॉलेजनें १९६८ ते १९८३ या काळांत उत्खनन केलें, आणि इसवी सनापूर्वीं सुमारें १६०० ते ७०० या काळांतील वस्ती उजेडांत आली. तेथील जोर्वे पद्धतीचीं उत्तम भाजलेलीं भांडीं वाजविलीं असतां धातूसारखीं खणखणतात. उन्हांत वाळविलेली माती पाण्यांत विरते. तीच भट्टींत भाजली म्हणजे तिचे कण एकमेकांस जखडले जातात. माती तीच, अंतरंग निराळें.

लोखंडाचेंही तसेंच. दौंड जंक्शनवरील रूळ पाहावेत आणि घरीं येऊन स्टेनलेस स्टीलचें ताट पाहावें. दोहोंतही मुख्यतः लोखंडच. रुळांत शेंकडा एकाहूनही कमी कार्बन असतो. त्यायोगें ते गाडीचा भार सोसतात, पण पावसांत गंजतात. ताटांत क्रोमियम मिसळलेलें असल्यानें त्यावर डोळ्यांस न दिसणारा पापुद्रा धरतो, व ओरखडा पडला तरी तो आपोआप भरून येतो. कल्हईस ही सोय नाहीं. ती झिजली कीं पुन्हां करविलीच पाहिजे.

म्हणून गृहिणींस, आणि गृहस्थांसही, विनंति कीं, आंबट पदार्थ बिनकल्हईच्या पितळेंत करूं वा ठेवूं नये. कल्हई शुद्ध कथिलाचीच करवावी. शिशाची भेसळ विषारी असते. आणि घरांत कांहीं बिघडलें तर माणसास बोल लावण्यापूर्वीं भांड्यांत एकदां डोकावून पाहावें.

आमच्या आप्तांच्या पातेल्यास आतां नवी कल्हई झाली आहे. परवां गेलों तेव्हां सासूबाईंनीं रवी पुन्हां त्याच सूनबाईंच्या हातीं दिलेली पाहिली, याचें आम्हांस अधिक समाधान वाटलें.